आई वर गेली

२ नोव्हेंबर, रविवार

नेली! शेवटी नेलीच तिने आईला.

गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून ड्रायव्हरला कोपऱ्यावर उभं करून धाकटी चालत आली. दारात उभी राहिली आणि पहिलं काय केलं, तर नाकाला रुमाल लावला. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "वास नाही गं ताई, धूळ." धूळ! जन्मल्यापासून लग्न होईपर्यंत ह्याच धुळीत वाढली बाईसाहेब. तेव्हा रुमाल नव्हता.

"पंधरा दिवस फक्त. हवापालट होईल. खोकला बघ ना कसा धरून बसलाय." मला दिसत नाही का खोकला? मी ऐकतेच तो. रोज. पाठ मी चोळते, वाफ मी देते, तोंडातला पंप दाबायला मी उठते. आणि ही येणार नि म्हणणार, बघ ना!

आईने एका पिशवीत सगळं भरलं. मला वाटलं होतं, थोडी तरी कुरकुर करेल. नाही. चप्पल घालून तयार.

"आमच्याकडची हवा चांगली आहे, आई." हवा काय तिच्या बापाची आहे? — बाप तर दोघींचा एकच होता, आणि तो ह्याच मागच्या खोलीत खोकून खोकून गेला. त्याला कुणी हवापालटाला नेलं नाही.

घर फार मोठं वाटतंय. दोन खोल्यांचं घर मोठं वाटायला लागलं म्हणजे झालंच.

३ नोव्हेंबर

शेजारच्या शिंपीकाकांनी विचारलं, "आई दिसल्या नाहीत आज?" मी कुलूप लावता लावता म्हटलं, "वर गेली."

काकांच्या हातातली कात्री खाली. डोळ्यांत पाणी. "कधी? अहो, काल सकाळी तर माझ्याशी बोलल्या —"

"अहो काका, वर म्हणजे टेकडीवर! धाकटीकडे!"

मग आम्ही दोघं जे हसलो! काकांना हसता हसता खोकला लागला तो थांबेचना. मशीनला धरून उभे राहिले. मी पाणी दिलं. म्हणाले, "आता मीही जातो वर. बोलावेल का तुमची धाकटी?"

ऑफिसला उशीर. पण दिवसात तेवढंच हसले.

९ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आले टेकडीवर.

आमच्या घरं विकायच्या धंद्यात टेकडीचा भाव वळणावर सांगतात. पहिल्या वळणापर्यंत एक भाव, दुसऱ्याला त्याच्या दीडपट, पुढे विचारायचंच नाही. बस दुसऱ्या वळणापाशी सोडते. तिथून पुढे ज्यांच्याकडे गाड्या आहेत तेच राहतात, मग बस कशाला? धाकटी चौथ्या वळणावर. चढून जाईपर्यंत मला धाप. वर पोचल्यावर बघते तर आई गच्चीत खुर्ची टाकून बसलेली, पाय उन्हात सोडून, डोळे मिटून. एखाद्या संस्थानिकासारखी!

"झोप लागते का गं?"

"अगं, आडवी झाले की एकदम सकाळच!"

आडवी! माझ्याकडे ती तीन उशा लावून बसून झोपायची. इतकी वर्षं मी उशा बदलल्या, काढे केले, डॉक्टर बदलले, रक्ताचं पाणी केलं. आणि हिच्याकडे आठवड्यात आडवी! म्हणजे माझ्या हाताला गुण नाही, तिच्या खिडकीला आहे.

खिडक्या समोरासमोर आहेत. पडदा आपोआप हलतो. मी बराच वेळ त्या पडद्याकडेच बघत होते. आमच्याकडे खिडकी उघडली की गल्लीपुढच्या शीतगृहाचा जनरेटर आत येतो नि त्याच्या पाठोपाठ रांगेत उभ्या ट्रकांचा धूर. मग खिडकी कोण उघडणार?

मेव्हणे म्हणाले, "तुम्हीपण येत जा अधूनमधून, ताई." चांगला माणूस आहे. तोही त्रासच आहे. वाईट असता तर जरा बरं वाटलं असतं.

१३ नोव्हेंबर

ऑफिसात दुपारी कामं नव्हती. मालक रंगात आले. म्हणाले, "टेकडीवर घर हवं म्हणून पार्ट्या माझ्या मागे लागतात. देऊ कुठून? घरं रिकामीच होत नाहीत. वरचे मालक मरतच नाहीत हो! आणि खालचं बघा — एका घराची चावी हातातून सोडेपर्यंत दुसऱ्याची तयार!"

सगळे हसले. मीही हसले. पगार घेते, हसायला नको?

घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. खालच्या घरांच्या चाव्या मला कोण आणून देतं? बायका आणून देतात, नवरा गेलेल्या. मुलं देतात, बाप गेलेली. "आता काय करायचंय ठेवून?" असं म्हणतात आणि टेबलावर चावी सरकवतात. वरचा माणूस घर विकतो ते मोठं घर घेतलं म्हणून. चावी द्यायला स्वतः येतो. ऐंशीचा म्हातारा, गाडी स्वतः चालवत!

इतकी वर्षं ह्या खुर्चीवर बसतेय. कधी हा विचार केला नाही.

१७ नोव्हेंबर

पंधरा दिवस झाले. फोन नाही.

१८ नोव्हेंबर

मीच केला. "अगं ताई, आत्ता कुठे रंग आलाय तिला. राहू दे ना महिनाभर." मागून आईचा आवाज — कुणाशी तरी हसत होती. "दे ना तिला फोन," मी म्हटलं. तर आई फिरायला निघाली होती. फिरायला! माझ्याकडे नळापर्यंत जायला तिला भिंत लागायची.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज नको होतं जायला.

आईचे गाल वर आलेत. अंगात धाकटीचा स्वेटर, निळा, मऊ. मी गेल्या वर्षी आणलेला कुठे गेला विचारलं, तर म्हणे, "तो टोचतो गं जरा." वर्षभर टोचला नाही!

वरच्या बायकांच्या कट्ट्यावर तिची ओळख झालीय. एकीला सांगत होती, "ही माझी थोरली." त्या बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्हाला आणखी एक मुलगी आहे?" म्हणजे इतक्या दिवसांत माझा विषयसुद्धा निघाला नाही.

त्या बाईंचं वय कळलं. माझ्या आईपेक्षा बऱ्याच मोठ्या. चष्म्याशिवाय वाचतात, सरळ चालतात, दात स्वतःचे. आणि आमच्या गल्लीत आईच्या बरोबरीची म्हणायला आता आई नि शिंपीकाका, बस. बाकीच्यांच्या खोल्या मीच विकल्या.

निघताना आईने विचारलं, "जेवतेस ना गं वेळेवर?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" असं बोलायला नको होतं. धाकटी बघत होती. तिने बघितलं म्हणून जास्त वाईट वाटलं.

२ डिसेंबर

आज एक मुलगी आली सर्वेला. आरोग्य खात्याची. घरात माणसं किती, कुणाला दमा, धूर होतो का, ओल आहे का. मी सांगत होते. मग म्हणाली, "घराची आजची किंमत किती असेल?"

मी म्हटलं, "बाई गं, तू तब्येतीचा सर्वे करतेस की माझ्या धंद्यात उतरतेस?"

हसली. म्हणाली, "पगार विचारला की लोक खोटं सांगतात, मावशी. शिक्षण विचारलं की वाढवून सांगतात. घराची किंमत लपत नाही. गल्लीत शिरलं की दिसते. आमचे सर म्हणतात, घराची किंमत कळली की कोण किती आजारी पडेल नि साधारण किती जगेल, ह्याचा अंदाज येतो. स्वस्त घर म्हणजे सगळंच आलं — ओल, धूर, गर्दी, दवाखाना लांब."

मावशी! असो.

मी किंमत सांगितली. वाढवून सांगितली! कशासाठी ते देवाला ठाऊक. दोन-चार वर्षं वाढली असतील माझी तिच्या कागदावर.

ती शिंपीकाकांकडे गेली. घराची किंमत विचारली तशी काका आतून म्हणाले, "फुकट नेतेस का? ने." तेव्हा हसू आलं. आता लिहिताना नाही येत.

बाबा गेल्यावर धाकटीने ह्या घरावरचा हक्क सोडला होता. "तुलाच राहू दे, ताई." केवढी मोठ्या मनाची म्हणून सगळे म्हणाले! मला वाटलं होतं, मी जिंकले. हे घर!

७ डिसेंबर, रविवार

गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. डोकं नाही, पोटात दुखतंय. तिला मूल नाही, मला नवरा नाही, दोघींच्यात मिळून एक आई. आणि ती तिच्याकडे मजेत!

बरी होतेय म्हणून आनंद व्हायला हवा. होत नाही. माझ्याकडे बरी व्हायला हवी होती.

९ डिसेंबर

एक गोष्ट केली. धाकटीच्या घरी फोन केला, दुपारी, ती कामावर असताना. आईने उचलला. म्हटलं, "न्हाणीघरात घसरले. पाय टेकवत नाही." आई म्हणाली, "आले." एवढंच. एका शब्दात!

संध्याकाळच्या आत भाड्याच्या गाडीने दारात. पिशवी स्वतः उचलून आणली, एकटीने, गल्लीतून. मी पायाला पट्टी बांधून बसले होते. तिने पाय मांडीवर घेतला. "कुठे दुखतं?" मी उगाच एक जागा दाखवली. तेल लावलं तिने. हात गरम होते.

आज मी खूप आनंदात आहे. लिहायला लाज वाटते, तरी आहे.

११ डिसेंबर

घर भरलं! सकाळी आई आणि शिंपीकाका ओट्यावर चहा पीत बसलेले. काका म्हणाले, "वर जाऊन परत आलेलं पहिलंच माणूस बघितलं मी."

धाकटीचा फोन. "पाय कसाय?" मी म्हटलं, "सुजलाय." पट्टी सोडायचं लक्षातच राहिलं नव्हतं, तेव्हा अगदीच खोटं नाही.

१६ डिसेंबर

आईला थोडा खोकला. थंडी आहे. सगळ्यांनाच आहे.

१९ डिसेंबर

पट्टी सोडली. आई म्हणाली, "बरा झाला ना? मग मी जाऊ का रविवारी?" माझं तोंड बघितलं तिने. मग म्हणाली, "राहते की. मला काय दोन्ही सारखंच." सारखं नाही. आम्हाला दोघींना माहीत आहे.

२४ डिसेंबर

मागच्या भिंतीवर ओल वर चढलीय. पोपडे धरलेत. बुरशीचे काळे ठिपके मी ब्लीचने पुसले, तर त्या वासाने आईला ढास लागली. म्हणून कपाट ओढून भिंतीपुढे लावलं. पार्टीला घर दाखवताना आम्ही हेच करतो.

तीन उशा परत निघाल्या.

२८ डिसेंबर, रविवार

धाकटी आली. आईचा आवाज ऐकून दारातच थांबली. घरघर बाहेर ऐकू येते. मग माझ्या पायाकडे बघितलं. मी चहाला उठले होते — चांगली दोन्ही पायांवर.

"कुठला पाय होता, ताई?"

मला आठवेना! खरंच आठवेना कुठला सांगितला होता.

आईनेच उत्तर दिलं. "डावा." आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "बस तू. चहा घे." आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेल लावतानाच कळलं असणार. तरी लावत राहिली.

धाकटी म्हणाली, "आजच्या आज चल." आई म्हणाली, "दोन दिवसांनी बघू." मी म्हणायला हवं होतं — जा.

३ जानेवारी

दवाखान्यातून लिहितेय. सकाळी चहा घेऊन गेले तर आईचे ओठ निळे. बोलायला जाते पण आवाज नाही. काका नि त्यांचा मुलगा, दोघांनी खुर्चीवर बसवून उचलून गल्लीच्या तोंडाशी नेली, कारण अँब्युलन्सही आत येत नाही. ट्रक रस्ता अडवून उभा. काकांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या — काका, ज्यांनी कधी कुणाला अरे म्हटलं नाही.

आता मास्क लावलाय. झोपलीय.

छातीचे डॉक्टर पोरगेले आहेत. स्टेथोस्कोप लावायच्या आधी म्हणाले, "राहता कुठे?" मी पत्ता सांगितला. मान हलवली. "शीतगृहाच्या मागे? त्या गल्लीतले माझे बरेच पेशंट आहेत." मग जरा थांबून — "होते."

म्हणाले, "नोव्हेंबरात ह्यांची तब्येत कशी होती?" मी म्हटलं, "उत्तम." "काय औषध चालू होतं?" मी सांगितलं, तेच, आताचंच. "मग काय बदललं?"

धाकटी माझ्या मागे उभी होती. तिने सांगितलं. "घर."

४ जानेवारी

व्हरांड्यात भांडलो. लोक बघत होते.

ती म्हणाली, "मारशील तू तिला." मी म्हटलं, "तुला काय जातं बोलायला? इतकी वर्षं कुठे होतीस? खिडक्या मोजत होतीस?" ती म्हणाली, "बोलवत नव्हते मी? दर वर्षी बोलवत होते! तूच म्हणायचीस, आईला तिकडे करमणार नाही." हे खरं आहे. म्हणायचे.

मग ती रडायलाच लागली. "सगळं आयुष्य ती तुझीच होती, ताई. तुझ्या बाजूला झोपायची, तुला आधी हाक मारायची. मला एक महिना मिळाला. तेवढाही तुला बघवला नाही."

मला वाटत होतं, जळायचं काम फक्त माझ्याकडे आहे.

नर्सने येऊन दोघींना बाहेर काढलं.

८ जानेवारी

आईचा मास्क दिवसा काढतात. सूप घेतलं.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी आले तर गल्लीत माणसं. शिंपीकाका गेले. सकाळी मशीनवर बसले होते, सून म्हणाली. कुणाची तरी पँट अर्धी शिवून सुईखालीच. परवा खुर्ची उचलल्यापासून छातीत भरल्यासारखं वाटतंय म्हणत होते. दवाखान्यात गेले नाहीत. "गर्दीचे दिवस आहेत कामाचे."

आईची खुर्ची उचलली होती. माझ्या आईची.

आईला सांगितलं नाही अजून.

१२ जानेवारी

काकांचा मुलगा ऑफिसात आला. माझ्या टेबलापाशी बसला. खिशातून चावी काढली. "आता काय करायचंय ठेवून, ताई?"

आतून मालक, हळूच नाही, मोठ्याने — "बघा! म्हटलं नव्हतं?" मी उठून बाहेर गेले. पहिल्यांदाच हसले नाही. मालकांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

१५ जानेवारी

आईला आज सोडलं. धाकटी गाडी घेऊन आलेली, मीही रिक्षा थांबवलेली. दोघी लिफ्टपाशी. आई व्हीलचेअरमध्ये, मध्ये.

डॉक्टर म्हणाले, "त्या घरी परत नेऊ नका. पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल."

आईने ऐकलं. मग धाकटीचा हात धरला, थोपटला आणि म्हणाली, "मी थोरलीकडे जाते."

मी जिंकले!

धाकटी पुढे झाली. औषधांची पिशवी माझ्या हातात दिली, पंप कसा वापरायचा ते सांगितलं — मला, जी इतकी वर्षं वापरतेय — आणि जिन्याने खाली गेली. लिफ्ट आलेली असताना.

रिक्षात आईचं डोकं माझ्या खांद्यावर. हेच हवं होतं ना? हेच. वाटेत शीतगृहाचा वास सुरू झाला तशी ती तोंडाला रुमाल लावायला लागली, मी बघू नये अशा बेताने.

१६ जानेवारी

विचारलं. चहा पिताना, सरळ. "आई, वर एवढी चांगली होतीस. का आलीस इकडे?"

म्हणाली, "तिच्याकडे सगळं आहे."

"म्हणून?"

"तुझ्याकडे मी आहे."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी काय सांगितलं ऐकलंस ना?" तर म्हणे, "ऐकलं की. माझं वय झालं. तू एकटी कशी राहशील ते मला बघवत नाही." मग ओट्याकडे बघून — "काका आज मशीन लावत नाहीत का?"

सांगितलं तिला. कप हातात धरून बसली. खोकलीसुद्धा नाही. मग म्हणाली, "माझी खुर्ची जड होती का गं?"

मी तिला घट्ट धरलं.

म्हणजे मी 'एकटी' आहे म्हणून ती मरायला तयार आहे. आणि मी धाकटीच्या दारात पाहुणी व्हायला तयार नाही म्हणून तिला मरू देणार? असा सरळ हिशोब आहे. लिहून काढला की किती नागडा दिसतो.

१७ जानेवारी

धाकटीला फोन केला. रिंग वाजत असताना दोनदा ठेवून द्यावासा वाटला. "तुमची मागची खोली रिकामी आहे का अजून?"

"आईसाठी? ती तर —"

"आईसाठी आणि माझ्यासाठी. ती माझ्याशिवाय येणार नाही."

मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवायचा हक्क होता तिला. "ताई," म्हणाली, "तुला पातळ उशी लागते ना अजून?"

मी फोन ठेवला. रडू ऐकू जायला नको होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

वर येऊन आठवडा होत आला. आई आडवी झोपते. मीही. पहिल्या सकाळी उठले तर मला कळेना काय चुकतंय — मग लक्षात आलं, घसा खवखवत नाहीये. ह्याचाही राग आला! म्हणजे मी बेचाळीस वर्षांची होईपर्यंत सकाळी उठल्यावर सगळ्यांचाच घसा खवखवतो असं समजत होते.

हेवा गेला असं नाही. फ्रीज उघडताना विचारून उघडते. टॉवेल कुठला घ्यायचा ते कळत नाही. धाकटी ऑफिसात निघताना म्हणते, "काही लागलं तर कामवालीला सांग." मी जन्मात कुणाला काम सांगितलं नाही, मी तिलाच चहा करून देते. आणि आई? आई इथली झालीय. कट्ट्यावरच्या बायकांना सांगते, "माझ्या दोघी मुली." काल धाकटीने तिच्या केसांना तेल लावलं, तर मी उगाच तिथेच घुटमळत राहिले. धाकटीने मागे वळून न बघता कंगवा पुढे केला. "घे. विंचर तू."

विंचरले.

१० फेब्रुवारी

धाकटी म्हणाली, "खालचं घर विकून टाक. पडून राहील तर भिंत खचेल. पैसे तुझे तुझ्याजवळ राहू देत, मला त्यातलं काही नको." परत मोठ्या मनाची! पण ह्या वेळी मला फारसं लागलं नाही. इथे राहायचं तर स्वतःचं काहीतरी हवंच. मालकांना सांगितलं. खूश झाले. "तुमचं तुम्हीच विका, तुमच्यासारखं कोण विकणार!"

रंगाऱ्याला बोलावलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

तीन पार्ट्या येऊन गेल्या. एकाने जनरेटर ऐकून दारातूनच पाठ फिरवली. एक जोडपं कडेवरच्या बाळाला घेऊन आलं होतं. मीच म्हटलं, "तुम्हाला लहान पडेल हो." त्यांना बरं नाही वाटलं. मालकांनी नंतर विचारलं, "पार्टी का गेली?" मी म्हटलं, "नाही जमलं."

आईला काही सांगत नाही ह्यातलं. ती आज दुसऱ्या वळणापर्यंत चालत गेली आणि परत आली.

८ मार्च, रविवार

घर गेलं.

माझ्याच वयाची बाई. लग्न झालेलं दिसत नव्हतं. सोबत तिची आई, दारात भिंतीला धरून दम खात उभी. आत्ता राहतात ती जागा ह्याहून वाईट असणार, कारण म्हातारी आत येऊन म्हणाली, "किती मोकळं आहे गं!" बाईने नव्या रंगाला सगळीकडे हात लावून बघितला. मग जरा संकोचून म्हणाली, "शेजारी सांगत होते, तुमच्याही आई इथेच असायच्या. आता कशा आहेत?"

मी म्हटलं, "ठणठणीत आहे."

खरंच आहे.

टोकनचे पैसे घेतले.